आईनं अंग धरलं

मी दूध संस्थेत दुधाची फॅट काढतो. वीस वर्षं झाली. संशय हा आमचा धंदाच. एखाद्याची फॅट एका रात्रीत जास्त लागली, की आम्ही आधी त्याच्या तोंडाकडं बघतो, मग किटलीकडं.

त्यामुळं डॉक्टरांच्या गोळ्यांनी आईला लागणारा दम आठ दिवसांत बसला तेव्हा मला आनंद झालाच नाही. तिचा जन्म चुलीच्या धुरात गेलेला, चार पायऱ्या चढल्या की छातीत शिट्टी वाजायची. गल्लीतल्या डॉक्टरांकडून ती कागदाच्या पुड्या आणायची. आत सुट्ट्या गोळ्या, पाकीट नाही, नाव नाही. सहा महिन्यांत तिचं तोंड गरगरीत झालं. "म्हातारीनं अंग धरलंय की," असं म्हणत गल्ली डॉक्टरांचं कौतुक करायची. मला मात्र ते खोटं वाटायचं. हातापायाच्या काड्या आणि गाल तेवढे भरलेले, असं कुठं असतंय व्हय?

शेवटी पुडीतली बारकी पांढरी गोळी खिशात घातली आणि शाहूपुरीतल्या एका औषध दुकानात गेलो. दुकानदारानं ती उलटीपालटी केली.

"पावणं, ही किती दिवस चाललीया?"

"सहा महिनं."

"स्टिरॉइड दिसतंय. दम झटक्यात बसतोय खरा, पण तोंड सुजतंय, हाडं ठिसूळ हुत्यात."

माझं डोकंच फिरलं. तसाच दवाखान्यात घुसलो आणि चार पेशंटांदेखत म्हणालो, "दुधात पाणी घालणाऱ्याचं दूध आम्ही परत पाठवतो, डॉक्टर. तुमचं काय करायचं?"

डॉक्टरांनी आईचं कार्ड काढलं. पहिल्याच भेटीत 'पंप' लिहिलेलं, म्हणजे तोंडानं ओढायचं दम्याचं औषध. पुढच्या दोन भेटींतही. प्रत्येक वेळी समोर 'नको म्हणतात'.

"पंप लिहिला की लोक समोरच्या दवाखान्यात जातात," ते म्हणाले. "मग मीही लिहायचं सोडलं."

हे काही उत्तर नव्हे, असं मी तोंडावर सांगितलं. मग त्यांनी पंपाची चिठ्ठी दिली आणि गोळी एकदम तोडायची नाही, हळूहळू कमी करायची, असं बजावलं.

पंप घेऊनच घरी आलो. आईला विचारलं, "तू नको का म्हणालीस?"

"शेजारच्या आण्णांनी पंप वडाय सुरू केलता, तवा तूच म्हणालतास की. 'पंप लागला, आता म्हाताऱ्याचं काय खरं न्हाय.'"

म्हणालो होतो. चहा पिता पिता, हसत. त्याची अजून लाज वाटते. आण्णा आजही रोज आपल्या पायानं संस्थेत दूध घालायला येतात, हे तिला सांगितलं. हा शेवटचा इलाज नव्हे, हाच पहिला, हे पाच वेळा समजावलं. शपथ घेतली. तिनं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग पंपाकडं. ती नजर माझ्या चांगलीच ओळखीची होती.

"व्हय," ती म्हणाली. "किती दिवस ऱ्हायल्यात, तेवढं सांग."