कापसाने भरलेलं चाक
सरकीचा वास आला, की अकोल्याजवळची ती दुपार आठवते. चौथीतच शाळा सोडून घरापासून लांब, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनात कामाला लागलेला मी, मालकांची सायकल रविवारपुरती मागून उतारावर सुसाट सुटलो होतो. कानांत वारा, आणि एकदम फस्स! चाकात बाभळीचा काटा. दिवेलागणीच्या आत सायकल परत गेली नाही, तर पुन्हा मिळणार नव्हती. मळ्यात वांगी तोडणारी माळीणबाई हसली, “काहून रडून राह्यला रे बापू? वऱ्हाडात कापसाले का तोटा हाये?” ट्यूब काढून आम्ही दोघांनी टायरात कापूस ठासला. दणके खात, गाणी म्हणत मी वेळेत पोचलो. मालकांनी चाक दाबून पाहिलं, “हवा मस्त टाइट हाये! पुढच्या रविवारीबी नेजो.” बाईंचे आभार मानायचे मात्र घाईत राहिले, ते आज मानतो.