आ करा

बेकरीत त्याला सगळे टोस्ट म्हणत. भट्टीपुढे उभं राहून राहून माणूस तसाच सुका आणि कडक झालेला. अशा काडीपैलवानाला चाळिशी उलटल्यावर डायबेटिस निघाला, तेव्हा भट्टीवरची मंडळी खो खो हसली. "लेका, निदान अंगाला तरी लागायला हवी होती साखर!"

नेहमीच्या डॉक्टरांनी वय बघितलं, धंदा बघितला आणि गोळ्या लिहून दिल्या. गोड बंद. टोस्टने बिस्किटं सोडली, चहातली साखरही सोडली. तरी रक्तातली साखर काही उतरेना. गोळ्या वाढत गेल्या आणि टोस्ट घटत गेला. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडावी लागली. घसा सारखा कोरडा, आणि पाणी प्यायलं की लघवीच्या वाऱ्या.

"खरं सांगा," डॉक्टर चष्म्यावरून बघत, "बेकरीत काय काय चाखता?"

"काही नाही हो, साहेब."

"मग काय हवेतून येते?"

हा प्रश्न बायकोने मनावर घेतला. साखरेचा डबा कपाटात कुलूपबंद झाला, आणि संध्याकाळी टोस्ट दारात आला की चपला काढायच्या आत फर्मान सुटे, "आ करा." ती वास घेई. हळूहळू टोस्टचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. पिठीसाखर उडून तोंडात जात असेल, म्हणून तो नाकातोंडाला रुमाल बांधून भट्टीवर उभा राहू लागला. दरोडेखोर पाव भाजतोय, असं दिसे.

एका संध्याकाळी वास आलाच. गोडसर, पिकून लिबलिबीत झालेल्या फळासारखा.

"केक खाल्लात."

"अगं, सकाळपासून उलट्या होतायत. पाणी टिकत नाही पोटात, केक कुठला खाऊ?"

"खाल्लात म्हणूनच उलट्या!" ती रडवेली होऊन म्हणाली. "मरायचंय का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी तरीही तो कामावर गेला आणि मैद्याच्या पोत्यांवर कोसळला. लांब लांब श्वास घेत होता, जिना चढून आल्यासारखा. मंडळींनी पावाच्या टेम्पोत घालून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. बायको धावत आली, तेव्हा तिथली डॉक्टर त्याच्यावर वाकली होती.

"चोरून खातात हो," बायको धापा टाकत म्हणाली. "कालपासून वास येतोय ना?"

"ताई, हा खाण्याचा वास नाही. शरीरात इन्सुलिनच नाहीये, त्यामुळे रक्तातली साखर वापरता येत नाही. मग शरीर स्वतःची चरबी जाळत सुटतं. त्याचा वास आहे हा. कालच आणायला हवं होतं."

बायको भिंतीला टेकली. काल तिने वास घेतला होता आणि रागाने पाठ फिरवून झोपली होती.

टोस्ट वाचला. रक्ताच्या आणखी तपासण्या झाल्या, आणि गोळ्या का लागू पडत नव्हत्या ते कळलं. दुखणं डायबेटिसच, पण प्रकार वेगळा. "पहिला प्रकार," डॉक्टर म्हणाली. "फक्त लहान मुलांना होतो असं लोक समजतात. मोठेपणीही होतो, आणि वय बघून दुसऱ्या प्रकारचा समजला जातो. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीरानेच मारून टाकल्यात. आता इंजेक्शन, रोज, कायमचं. आणि इंजेक्शनवर जेवण लांबलं, हात थरथरले, घाम फुटला, तर साखर कमी झाली समजा. लगेच साखर खायची."

घरी आल्यावर बायकोने कपाटाचं कुलूप काढलं आणि साखरेच्या पुड्या करून त्याच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात टाकल्या.

एका दुपारी इंजेक्शन घेऊन झालं आणि नेमका भात शिजायला उशीर झाला. बायकोने वळून बघितलं तर टोस्ट खुर्चीत घामाने भिजलेला. हातात पुडी, तीही थरथरत होती. फोडली मात्र नव्हती. तो तिच्याकडे बघत होता.

"खाऊ?" त्याने हळूच विचारलं.

"अहो, विचारताय काय!" तिने पुडी हिसकावली, फोडली, आणि साखर त्याच्या तोंडात ओतली. वर साखरेचं पाणी पाजलं.

थोड्या वेळाने थरथर ओसरली, डोळ्यांत ओळख आली. तिने पदराने त्याचा घाम पुसला आणि काही बोलणार, तेवढ्यात टोस्टने मान वर केली आणि सवयीने तिच्यापुढे आ केला.