तांदळातलं नाव

भाचीच्या बारशाला ताटात तांदूळ पसरले होते. आमच्याकडे बाळाचं नाव आत्यानं त्यात अंगठीनं लिहायचं, मग पाळण्याशी वाकून तेच कानात सांगायचं. आत्या मी. मांडीवर फोन धरून मी इंग्रजी अक्षरांत नाव टाइप केलं आणि ते बघता बघता मराठी झालं: मृण्मयी. तिकडे बघून एकेक रेघ मी तांदळात उतरवू लागले.

वहिनीच्या आईंनी ते पाहिलं. "काय आत्याबाई, भाचीचं नाव फोनला विचारून ठेवताय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कान तापले होते. शाळेत मराठी तिसरी भाषा होती. ती माझ्या तोंडात आहे. हातात मात्र इंग्रजी अक्षरांवरून वळसा घेऊनच येते. फोनला त्याचं काही नाही, त्याला सगळीच नावं सारखी परकी. हे नाव तर मीच सुचवलेलं, तरी मला ते लिहिता येत नव्हतं.

पाळण्याशी वाकले तेव्हा बायकांनी पाठीत धपाटे घातले. मी नाव अगदी हळू सांगितलं. ते हळूच सांगायचं असतं, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मला एकटीलाच ते लपवल्यासारखं वाटलं.