रिकाम्या पदराचा फोटो

आमच्या बैठकीत टीव्हीच्या वर एक फोटो लावलाय. येणारा जाणारा विचारतो, "हे कुठलं देऊळ?" देऊळ नाही, जुन्या गोव्यातलं चर्च आहे ते. फोटो मोबाइलवर मीच काढला आणि खरं सांगायचं तर तो थोडा हललाय. एका कोपऱ्यात माझे वडील खांबाकडे तोंड करून उभे आहेत, जशी काही मधे उभी असलेली बाई त्यांच्यासोबत आलेलीच नाही. ही बाई म्हणजे माझी आई. अनवाणी, डोक्यावर पदर, आणि पदराचं टोक दोन्ही हातांनी पुढं पसरलेलं. समोर लाकडी कठड्याच्या पलीकडे फ्रॉक घातलेली एक वयस्कर बाई, हातात फडकं. पदरात काहीच नाही. त्या बाईच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी आहे, आणि ते काय आहे हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं.

वडील शाळेतून रिटायर झाले तेव्हा गोव्याची तिकिटं मी काढली. आईला यायचंच नव्हतं. माझी ताई जिंतूरला सासरी बाजेवर पडून होती. दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळेस लेकरू हाती लागलं नव्हतं. आता सातवा लागला होता, आणि डॉक्टरणीनं परभणीपर्यंतसुद्धा हलवायचं नाही म्हणून सांगितलेलं. शेवटी ताईच फोनवर वैतागली, "तू तिथं बसून माझ्या जिवाला घोर लावायलीस. जा बरं एकदाची." मग आई निघाली, पण पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड बांधून. वाटेत पहिली जी देवी भेटेल तिची ओटी भरायची, असं तिनं ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी चर्च होतं आणि देवळं दुसऱ्या दिवशी बघायची होती, पण आईला तेवढा धीर कुठला. चर्चच्या एवढ्या मोठ्या दारापुढं तिनं चपला काढल्या. सगळ्या दारात एकच जोड.

मी म्हणलं, "आई, इथं चपला चालतात."

"तुला चालतात," ती म्हणाली.

आत गेल्यावर ती घंटा शोधायला लागली. मग प्रदक्षिणा कुठून घालायची ते. मागं तर भिंत. मीही तिच्या मागं मागं, कारण आता ही काय करणार याची मला तिच्याहून जास्त उत्सुकता. भोचकपणाची खोड आहे मला, घरचे म्हणतात ते खोटं नाही. बाजूच्या एका कोनाड्यात मेरीची मूर्ती होती, हातावर बाळ. आई तिथं थांबली आणि पिशवीची गाठ सोडायला लागली.

वडील हळूच म्हणाले, "अगं, इथं न्हाई चालत हे."

"लेकुरवाळी हाय ना? मग? आमच्या चारठाण्याला इतकी जुनी देवळं, कोणता देव कोणाचा इचारत बसलं असतं तर हात जोडायला दिवस पुरला नसता. तुमी गप बसा."

वडील खांबाकडे वळले ते तेव्हा. कठड्याआड ती बाई फुलदाणीतली फुलं बदलत होती. मला वाटलं, आता ही ओरडणार. पण आईनं ओटी पुढं केली आणि तिनं ती घेतली. नारळ बघितला, खण बघितला, आणि सगळं मूर्तीच्या पायाशी फुलांजवळ ठेवलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण आपल्याकडं ओटी भरली की पुजारी त्यातलेच चार दाणे परत पदरात टाकतो. रिकाम्या पदरानं बाई देवीपुढून हलत नाही. आईनं सवयीनं पदर पसरला आणि उभी राहिली. त्या बिचारीला काय माहीत हिला काय हवंय ते. दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही. मी फोटो काढला तो नेमका तेव्हाच. मग त्या बाईनं फुलदाणीतली पांढरी फुलं काढून आईच्या पदरात घातली.

"काय म्हणली ती?" मी बाहेर आल्या आल्या विचारलं.

"काही न्हाई. चल."

गाडीत विचारलं, हॉटेलात विचारलं. आई हूं की चूं करीना. सुकलेली फुलं घेऊन ती परस्पर जिंतूरला गेली आणि ताईच्या उशाखाली ठेवून आली. विहीणबाईंनी विचारलं, कोणत्या देवीची? तर म्हणे, "लांबची हाय."

ताईला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, ठणठणीत. वडील म्हणतात डॉक्टरणीमुळं, ताईच्या सासूबाई म्हणतात पोखर्णीच्या नरसिंहामुळं. आई या वादात पडत नाही.

ती पोरगी आता तिसरीत आहे. परवा ताईबरोबर सुट्टीला आली होती. आई मेथी निवडत होती, ही फोटोखाली उभी. "आजी, ही बाई रडायलीय का गं?"

मी चमकून फोटोकडं पाहिलं. मला ती आजवर गोंधळलेली वाटायची, नाहीतर चिडलेली.

आई म्हणाली, "हां, रडायलीय." इतकी वर्षं मी खोदून खोदून विचारलं, मला सांगितलं नाही, आणि पोरीला सरळ सांगून मोकळी. "तिनं इचारलं, कोणासाठी? मी म्हणलं, लेकीसाठी, लेकरू टिकंना तिचं. तर म्हणली, मी लग्न झाल्यापासून हिला रोज फुलं वाहते, मला न्हाई दिलं हिनं. पण तू माग, तुला देईल. अन् तिच्याच हातानं फुलं घातली की पदरात."

मी म्हणलं, "मग सांगितलं का न्हाईस गं तेव्हा?"

"तुला सांगितलं असतं तर संध्याकाळी जिंतूरला कळलं असतं. दोनदा पोळलेल्या पोरीला काय सांगू, त्या देवीनं एकीला न्हाईच दिलं म्हणून?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत गेली, बॅग उघडल्याचा आवाज आला, आणि हिरवा खण घेऊन ती बाहेर आली. पोरीच्या बारशाला आलेला, घडी न मोडलेला. आईला साडीवर चोळी शिवायला म्हणून आणला होता.

तिनं तो आईसमोर ठेवला. "देवीची ओटी भरलीस. त्या बाईची कोण भरणार?"

आईनं मेथीचे हात पदराला पुसले आणि खण उचलून कपाळाला लावला. मी मोबाइल काढून गोव्याची तिकिटं बघायला लागले.