खंडेनवमीची कॅसेट

आमच्या घराण्यात सैन्यात न गेलेला पुरुष मी एकटाच, आणि राक्षस मारलेला पुरुषही मी एकटाच.

पहिली गोष्ट आधी सांगतो. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात पोरगं चालायला लागलं की ते भरतीला कधी जाणार याची चर्चा सुरू होते. वडील फौजेतले, थोरला भाऊ फौजेत. मीही गेलो भरतीला. तिथला साहेब म्हणाला, "छाती फुगव." मी फुगवली. साहेब थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "अरे, फुगव ना!"

झालं! परत आलो आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला लागलो.

तेवढ्यावर भागलं असतं. पण माझं लग्न ठरलं ते आटपाडीच्या एका रिटायर सुभेदारांच्या मुलीशी, शालनशी. नव्वदच्या दशकात नोकरदार नवरा मिळणं म्हणजे मोठी गोष्ट, म्हणून सासूबाईंनी हट्टानं मुलगी दिली. सुभेदारांनी मात्र बघायच्या कार्यक्रमातच विचारलं होतं, "भरतीत काय झालं म्हणायचं?"

"छाती बसली नाही."

त्यांनी माझ्या छातीकडं नीट बघितलं. "व्हय. दिसतंय."

आमच्याकडं जावयाला सासरा 'पाव्हणं' म्हणतो. भांडण झालं तरी म्हणतो. आमचे सुभेदार मला 'स्टोअरकीपर' म्हणायचे! अख्ख्या आटपाडीसमोर! "या स्टोअरकीपर, बसा स्टोअरकीपर." त्यांच्या तोंडून एकदा 'पाव्हणं' ऐकायचं, याखेरीज मला त्या काळात दुसरी काही इच्छा नव्हती. (पगारवाढ सोडून.)

अशात थोरला भाऊ सुट्टीवर आला आणि येताना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आला. सोबत एकच कॅसेट. तिच्यात चिलखत घातलेला एक योद्धा तलवार घेऊन जंगलातून, गुहेतून, सापविंचवातून वाट काढत जातो आणि शेवटी किल्ल्यात आग ओकणाऱ्या राक्षसाला मारून राजकन्या सोडवतो, असं खोक्यावर चित्र होतं. चित्रच! कारण प्रत्यक्षात जंगल सुरू व्हायच्या आधी एक वटवाघूळ यायचं, आमच्या योद्ध्याला धक्का मारायचं आणि तो गपकन मरायचा. अहो, अंगावर एवढं लोखंड आणि मरतोय कशानं, तर वटवाघळानं! मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटायची. त्यालाही भरतीत कुणी घेतलं नसतं.

मग आली खंडेनवमी. आमच्या घरात त्या दिवशी विळा, खुरपं, पाण्याची मोटर, सायकल, वडिलांचा फौजेतला पट्टा, मिक्सर, सगळं पाटावर बसतं. आईची नजर कॅसेटवर गेली.

"ह्यात तलवार हाय न्हवं?"

"आहे, पण आई, ती खेळातली..."

"मग हत्यारच झालं की! आण हिकडं."

आईनं कॅसेट उभी केली, तोंड वर करून. आणि हळद, कुंकू, अक्षता थेट तिच्या तोंडात घातल्या. देवाच्या कामात आमच्या आईचा हात कधी आखडत नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी मशीन लावलं. वटवाघूळ आलं, धडकलं आणि आरपार निघून गेलं! योद्धा जागचा हलला नाही. साप चावले, बाण लागले, दगड पडले, गडी आपला चालतोय. राक्षसानं आग ओकली तर चुलीपुढं शेकत बसल्यासारखा उभा! मी बटण दाबत राहिलो आणि राक्षस मेला.

"देवी पावली गं बाई!" आईनं टीव्हीला हात जोडले.

"आई, हाताची कला आहे ही," मी म्हणालो. (कॅसेटीच्या दातांत कुंकू अडकल्यानं मशीनचं डोकं फिरलं होतं, हे मला पुढं कळलं. तेव्हा वाटलं, माझा अंगठाच तसा आहे.)

मग मी रोज राक्षस मारायला लागलो. शालनला कोण अभिमान! तिनं शेजारच्या फोनवरून माहेरी कळवलं, "बाबा, ह्ये रोज राक्षस मारत्यात. जेवायच्या आधी!"

पलीकडून सुभेदार म्हणाले, "दिवाळसणाला या म्हणावं. मशीन घिऊन. बघू."

एसटीत मशीन मांडीवर घेऊन मी आटपाडीला पोचलो. सासऱ्यांच्या दारात मोठी चिंच आहे आणि तिच्यावर खरी वटवाघळं लटकतात. मी त्यांच्याकडं बघून हसलोसुद्धा! पाडव्याच्या दुपारी सोप्यात टीव्ही मांडला. गावातले सगळे पेन्शनर फौजी आपापल्या खुर्च्या घेऊन आलेले. सुभेदार छडी घेऊन टीव्हीशेजारी उभे राहिले.

"शत्रू कुठनं येतोय?"

"उजवीकडून, मामा."

"पयला कोण?"

"वटवाघूळ. ते काय, किरकोळ आहे."

किरकोळ वटवाघूळ आलं, धडकलं आणि योद्धा गपकन मेला.

"हात बसला नाही अजून," मी म्हणालो. दुसरा जीव लावला. गपकन. तिसरा. गपकन!

मागच्या खुर्चीतून एक म्हातारा हवालदार म्हणाला, "सुभेदार, राक्षस ऱ्हायला लांब, हितं पाखरानंच मारलं की वं!"

माझ्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या. "कॅसेटीला काहीतरी झालंय!"

"कसं हुईल?" शालन कौतुकानं पुढं आली. "निघायच्या आदल्या राती दिवाळीची साफसफाई काढलीवती, तवा मी तिला आतनं दातांच्या ब्रशनं लखलखीत केलीया! म्हटलं, माहेरी न्यायची तर काय तशीच न्यायची? निस्तं हळदकुक्कू भरलंवतं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी ओरडलो, "कुंकू आणा! आधी कुंकू आणा!"

सासूबाईंचं औक्षणाचं ताट तयारच होतं. त्यांनी आधी कॅसेटीला ओवाळलं (मला नंतर), आणि जावयाच्या अब्रूचा प्रश्न म्हणून अख्खा करंडा तिच्यात रिकामा केला. मी देवाचं नाव घेऊन मशीन लावलं.

योद्धा उभा राहिला. त्यानं वटवाघळाकडं बघितलं, गर्रकन वळला आणि डाव्या बाजूनं पडद्याच्या बाहेर पळून गेला. मी बटणं दाबतोय, हाका मारतोय, पण गडी परत आलाच नाही! नुसतं वटवाघूळ रिकाम्या जंगलात फिरत राहिलं.

"पाठ दावली," सुभेदार हळू आवाजात म्हणाले. माझा संसार मोडला असता तरी ते इतकं वाईट बोलले नसते.

मग त्यांनी मशीनमधली कॅसेट काढली, वास घेतला, आत डोकावून बघितलं. "स्टोअरकीपर, हत्यार असं ठेवत्यात व्हय? घाण हत्यार दिल्यावर जवान पळंल न्हाई तर काय करंल?" चिंधी मागवली, तेल मागवलं, आणि रायफल साफ करावी तशी कॅसेट साफ केली. "सरका. मी बघतो त्येला."

गपकन मेले. परत गपकन. हवालदार म्हणाला, "आवं, तुमाला जमंना, हिकडं द्या." तोही मेला. पणत्या लावायची वेळ झाली तरी आटपाडीचे निवृत्त फौजी ओळीनं वटवाघळाच्या हातून मरत होते, आणि करंज्या घेऊन आलेल्या सासूबाईंकडं कुणी बघत नव्हतं.

निघताना सुभेदार एवढंच बोलले, "कॅसेट, मशीन हितंच ऱ्हाऊ द्या. मोहीम अर्धी हाय."

पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांनी राक्षस मारला. खरोखर मारला, स्वच्छ कॅसेटीवर! आल्या-गेल्याला ती लढाई सांगायचे आणि शेवटी माझ्याकडं छडी करायचे, "लढलो आमी. पण दारूगोळा कुणी पोच केला? ह्येंनी! स्टोअरकीपरशिवाय फौज चालत न्हाई." माझी पोरं आता विचारतात, जगात इतके गेम असताना तुम्हाला तो जुनाट गेमच का आवडतो. काय सांगू? त्याच गेममुळं मला ते 'पाव्हणं' ऐकायला मिळालं.

त्या दुसऱ्या दिवाळीतच मिळालं. संध्याकाळी चिंचेखालून घरात जाताना डोक्यावरून एक खरंखुरं वटवाघूळ गेलं. मी हातातली मिठाई टाकून गोठ्यापर्यंत पळालो. सोप्यातून सगळ्या फौजेसमोर सुभेदारांचा आवाज आला,

"पाव्हणं, जपून! आता एकच जीव हाय!"