वचनं तिची, इरकल माझी

माझं सासर भवानी पेठेतलं. मामंजींचं कापडाचं दुकान, घरात निम्मं बोलणं कानडी, निम्मं मराठी. एका वर्षी मठाच्या जत्रेसाठी मामंजींनी टूम काढली: कानडी मुलखातल्या एका जुन्या संत बाईची वचनं, म्हणजे तिची भक्तीची पदं, नव्या चालींत गायची. मी माहेरून पेटी शिकून आलेली, तेव्हा चाली लावायचं काम माझ्याकडं आलं. भाकऱ्या थापता थापता मी त्या बसवल्या. मामंजी म्हणाले, "चिकाच्या पडद्याआडून तूच गा की. कोण बघतंय?" मी हरखून गेले. लोकांपुढं एकदा गायचं, एवढंच तर मला हवं होतं.

पण मठातल्या वडीलधाऱ्यांच्या पोटात दुखलं. घरंदाज सुनेचा आवाज चारचौघांत? छे! मग नाटकात बायकांची कामं करणारा एक नट ठरला. त्याला शिकवायचं मात्र मीच. तो सोप्यात, मी माजघरात, मध्ये दार लोटलेलं. एक ओळ मी म्हणायची, मागून त्यानं. शिकवायला माझा आवाज चालत होता, बरं का!

वर आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्याच्यासाठी माझी लग्नातली इरकल साडी मागितली. "संत बाईचं सोंग हाय, साधंसुधं नेसून कसं चालंल?" अहो, ती बाई राजाचा संसार लाथाडून गेली, अंगावरचं वस्त्रसुद्धा टाकून केसांनी अंग झाकून रानोमाळ हिंडली! तिला ही मंडळी इरकल नेसवणार! कुणाच्या टाळक्यात काही शिरेल तर शपथ. मी मुकाट्यानं ट्रंकेतून साडी काढून दिली.

जत्रेत तो गायला. झकास गायला, खोटं कशाला बोलू? त्यानंच तर आग झाली माझ्या जिवाची. शिकवताना एका जागी मी आवाज दाबून घेत असे, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. त्यानं तेही तसंच उचललं होतं, आणि नेमक्या त्या जागेला लोकांनी वाहवा दिली. पडद्याआड बायका डोळे पुसत होत्या. आत्याबाई माझ्या कानाशी लागल्या, "काय गळा हाय गं! बाईमाणसाला जमंल का असं?"

साडी परत आली ती पावडरीचा नि घामाचा वास घेऊन. धुतली, घडी घातली, पुन्हा अंगाला लावली नाही.

पुढच्या साली मामंजी मठातल्या मंडळींना घेऊनच घरी आले. भलत्या अभिमानानं म्हणाले, "सूनबाई, यंदा बी नव्या चाली पायजेत. तो नट यायला तयार हाय."

चाली होत्या. वर्षभर मनात घोळत होत्या. मी आत गेले, ट्रंक उघडली आणि इरकल आणून त्यांच्यापुढं ठेवली.

"चाली न्हाईत, मामंजी. ही हाय, ही न्या."