गयाआत्याचा सिनेमा

"आत्या गेली..." सोनाळ्याहून भावाचा फोन आला तेव्हा मी बुलडाण्यात घरी भाजी निवडत बसले होते. त्याला आता महिना होत आला. गयाआत्या वडिलांची बहीण. लग्न न झालेली, जन्मभर भावाच्याच घरात राबलेली. तिच्याविषयी लिहायचं तर एका जुन्या सिनेमाविषयी लिहावं लागतं.

तरुणपणी आत्या गावाजवळच्या जिनिंगमध्ये कापूस साफ करायला जायची. तिथे एकदा मुंबईची मंडळी शूटिंगला आली. जिनिंगमधल्या कामगाराच्या प्रेमाची गोष्ट होती. गाण्यात नायकाला कापसाची टोपली द्यायला डायरेक्टरने आत्याला पुढे बोलावलं आणि हसायला सांगितलं. ती हसली. तेवढंच. तेव्हा तिचं लग्न जिनिंगमध्ये कापसाची गाडी घेऊन येणाऱ्या शंकरशी ठरलेलं होतं, आणि तो तिला मनापासून आवडायचा. सिनेमा शेगावला लागला. आजोबांनी घरातल्या कुणालाही जाऊ दिलं नाही. गावातली माणसं मात्र पाहून आली आणि सांगू लागली, गया पडद्यावर हिरोच्या अंगाला खेटून हसते! शंकरच्या घरून लग्न मोडल्याचा निरोप आला. शंकरने स्वतः येऊन तिला एका शब्दानेही विचारलं नाही. पुढे बिजवरांची स्थळं आली, आत्याने सगळी नाकारली. "हासली ना मी, मंग भोगाच लागते," एवढंच म्हणायची.

गेल्या दिवाळीत तो सिनेमा मला मोबाइलवर सापडला. दुपारी ओसरीवर दोघी बसलो. जिनिंगचं आवार दिसलं तशी ती पुढे सरकली. गाणं सुरू झालं. सरकी काढणारे रेचे धडधडत होते, रुई उडत होती, नायक घामाने निथळत होता... आणि टोपली घेऊन आली ती नायिका. गाणं संपलं.

"मांगं घे," आत्या म्हणाली. पुन्हा पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"मी त नाहीच व यात," ती म्हणाली. "मंग लोकायनं पाह्यलं कोणाले?"

आजोबा गेले होते, शंकर गेला होता. भांडायचं तरी कुणाशी? "बंद कर," म्हणून ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानंतर ती कुणाशी फारसं बोलली नाही. हळूहळू जेवण तुटलं. आजार म्हणावा असा डॉक्टरांना काही सापडलाच नाही.

तेरवीला काशीआजी आल्या. जिनिंगमधली आत्याची जोडीदारीण, आता काठी टेकत चालणारी. "लय गोड हासली होती पडद्यावर. म्या या डोयानं पाह्यलं," त्या म्हणाल्या.

"आजी, आत्या त्यात नाहीये हो. आम्ही दोघींनी पाहिला तो सिनेमा."

"हट! नाही कशी? तुमचा दुसराच कोणता अशीन."

मोबाइल माझ्या हातातच होता. मी तो उघडला नाही. काशीआजी काठी टेकत उठल्या, हार घातलेल्या फोटोसमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नशीबवान हायेस, गये. आमी सारे मरून जाऊ, तू सिनेमात राह्यशीन."